आठवीची आगोट

‘बाई, सा. न. वि. वि.

माझी मुलगी यंदा सातवी पास झाली. वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच. जूनपासून तिला आठवीला ११ किलोमीटरवरच्या हायस्कुलात जायचं आहे. तिच्या वर्गात चार मुलं होती. दोन मुंबईला चालली, एकाने दुसरं हायस्कूल घेतलं. म्हणजे एसटीने ही एकटीच. पोर अबोल आहे. गुरुजी म्हणतात हुशार आहे, पण दुकानात पाठवली तरी वाण्याने विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. मिस्टर बोटीवर खलाशी आहेत, मी मासे विकते. भाऊ म्हणतो मुंबईला पाठव, इंग्रजी शाळेत घालतो. शेजारीण म्हणते मे महिन्यात क्लास लाव, सेमी घे. मोबाईल द्यावा का? माझी स्वतःची शाळा नववीत सुटली. एसटीत एका मुलाने दप्तरात चिठ्ठी टाकली, ती मी आईला दाखवली आणि दुसऱ्या दिवसापासून माझं जाणं बंद झालं. मुलीला हे सांगितलेलं नाही. पण तिला थांब्यावर सोडायचं मनात आलं की छातीत धडधडतं. तिची तयारी कशी करू? आणि पालकसभेला यावंच लागतं का? मला तिथे काय बोलायचं ते सुचणार नाही.

– एक आई, दापोली तालुका’

ताई, नमस्कार.

चिठ्ठीची गोष्ट तुम्ही मोबाईल आणि पालकसभेच्या मध्ये दोन ओळींत उरकलीत. मला मात्र वाटतं, सगळं पत्र त्या दोन ओळींसाठीच लिहिलं गेलं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुमची काही चूक नव्हती. त्या वयाच्या मुलीने जे करायला हवं तेच तुम्ही केलंत, आईला सांगितलंत. आणि सांगितल्याची शिक्षा झाली. तुमच्या आईलाही मी बोल लावत नाही; तिला दुसरी वाट कुणी दाखवली नसेल. पण आठवीच्या वर्गावर मी सत्तावीस वर्षं काढली आहेत. एसटीत कुणी धक्का मारला, थांब्यावर कुणी मागे लागलं, एखाद्या मोठ्या मुलीने डबा हिसकावला, की मुली माझ्याकडे येऊन सांगायच्या. आणि त्यालाच जोडून म्हणायच्या, ‘बाई, घरी नका ना कळवू, शाळा बंद करतील.’ हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की तुमच्या लेकीच्या वाटेतला मोठा धोका कोणता असं विचाराल, तर मी एसटीचं नाव घेणार नाही, मोठ्या मुलांचंही नाही. काही झालं तर ती तुम्हाला सांगणार नाही, याची मला जास्त भीती वाटते.

तेव्हा आधी तिला तुमची गोष्ट सांगा. समोर बसवून, गंभीर चेहरा करून सांगू नका. आता आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, कामं चालू असतील. सुकट भरताना, आठळ्या राखेत घोळवताना, हात चालू असतील तेव्हा सांगा. चिठ्ठी सांगा, आई काय म्हणाली ते सांगा, दप्तर माळ्यावर टाकलं तेव्हा कसं वाटलं तेही सांगा. आणि मग तिला शब्द द्या: ‘तू मला येऊन काहीही सांगितलंस, तरी तुझी शाळा बंद होणार नाही.’ अगदी असाच, सरळ. हाच शब्द तिच्या बाबांच्या तोंडूनही येऊ द्या. १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी लागते; बोट वर ओढून शाकारली की ते घरीच असतील. हायस्कूल उघडतं तेही जूनच्या मध्याला, म्हणजे तिच्या पहिल्या आठवड्यात बाप घरात आहे. पैशाची ओढ नेमकी त्याच दिवसांत असते हे मला माहीत आहे, पण माणूस घरात असणं हीही मोठी गोष्ट आहे. पहिले चार दिवस तिला थांब्यापर्यंत सोडायला त्यांनाच जाऊ दे.

आता ती अबोल आहे म्हणता त्याबद्दल. वाडीतल्या शाळेत तिला बोलावं लागतच नव्हतं. सात वर्षं तेच गुरुजी, तीच पडवी, शाळेच्या पायरीवरून तिचं घर दिसतं. ती आजारी आहे हे गुरुजींना तिच्या चालण्यावरून कळायचं. हायस्कुलात एका तुकडीत चाळीस-पन्नास मुलं, प्रत्येक तासाला वेगळे सर, वेगळ्या बाई. आम्हा शिक्षकांना सगळ्यांची नावं पाठ व्हायला ऑगस्ट उजाडतो, हे मी खरं तेच सांगते. दंगेखोर मुलांची नावं पहिल्या आठवड्यात कळतात, हुशार हात वर करणाऱ्यांची दुसऱ्यात. गप्प बसणारी मुलं दिवाळीपर्यंत तशीच राहून जातात.

एक प्रसंग माझ्या मनातून अजून जात नाही. अशीच एका वाडीवरून आलेली मुलगी, चौथ्या बाकावर बसायची. कधी बोलली नाही, कधी उलट उत्तर नाही, वही नीट. मी तिला शांत आणि गुणी समजत राहिले. सहामाहीत गणितात तिला १०० पैकी १९ गुण पडले. पेपर समोर घेऊन बसले तेव्हा दिसलं की उदाहरणाची रीत बरोबर आहे, आकडेच भलते आहेत. ३ चा ८, ६ चा ०. तिला फळा दिसत नव्हता. वाडीच्या शाळेत ती जमिनीवर, फळ्यापासून हातभर अंतरावर बसायची, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जून ते ऑक्टोबर ती शेजारणीच्या वहीतून आकडे उतरवत होती आणि एकदाही ‘बाई, दिसत नाही’ म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. पाच महिने! चूक माझीच होती. पण आई-बापांना एवढं सांगते की जूनआधी मुलांचे डोळे तपासून घ्या. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, बाजाराच्या दिवशी जाल तेव्हा एक फेरी करा.

आणि मे महिन्याचा क्लास लावायचाच असेल तर बोलण्याचा लावा. त्याला फी लागत नाही, शिकवणाऱ्या तुम्हीच. तुम्ही बोलून पोट भरणाऱ्या बाई आहात, ताई. समोरची बांगडे उलटेपालटे करते, नाक मुरडते, निम्म्या भावाला मागते, आणि तुम्ही तिला हसतहसत वाटा विकता. मुलीला दोन-चार सकाळी बाजारात पाटीमागे बसवा. एका वाट्याचा भाव तिला सांगू दे, सुटे पैसे तिला परत करू दे. तिने भाव चुकून कमी सांगितला तर तेवढे पैसे गेले म्हणा, पण मध्ये पडू नका. दुकानातही तिलाच पाठवा. वाण्याला आधी सांगून ठेवा की तिने मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही.

चार वाक्यं तिच्या तोंडात बसली पाहिजेत. ‘सर, मला हे समजलं नाही, परत सांगाल का?’ ‘बाई, मी बाहेर जाऊन येऊ का?’ ‘माझं अमुक घरी राहिलं.’ आणि ‘मला हात लावू नका’, हे मोठ्याने. घरात म्हणायला लावा. पहिल्यांदा पुटपुटेल, लाजेल. पाचव्यांदा आवाज निघेल.

एसटीचं. पाऊस लागायच्या आत तिच्याबरोबर दोनदा हायस्कुलापर्यंत जाऊन या. पहिल्या फेरीला शेजारी बसा. दुसऱ्या फेरीला तुम्ही मागे, ती पुढे. तिकीट तिने काढायचं, कुठे उतरायचं ते कंडक्टरला तिने सांगायचं. सकाळची गाडी कोणती ते बघा; ती वस्तीची, म्हणजे रात्री गावातच थांबणारी, असेल तर वेळेवर निघते, पण तालुक्याहून येणारी असेल तर पावसात अर्धा तास इकडेतिकडे होतेच. संध्याकाळी शाळा सुटल्यावर पहिली गाडी किती वाजता, ती चुकली तर पुढची किती वाजता, हे तिच्याच हाताने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. आणि शेवटचीही चुकली तर? याचं उत्तर घरातून ठरवूनच तिला पाठवायचं. उत्तर असं की तिठ्यावर उभं राहायचं नाही, कुणाच्या मोटरसायकलवर बसायचं नाही, मग तो वाडीतला ओळखीचा दादा असला तरी. सरळ माघारी शाळेत जायचं, ऑफिसात सांगायचं आणि घरी फोन लावायला सांगायचं. शाळेजवळ तुमचं नात्यातलं किंवा गिऱ्हाइकातलं एखादं घर असेलच. मासे विकणाऱ्या बाईला कुठल्या गावात घर नसतं? त्या घरी तिला आधी एकदा नेऊन चहा पिऊन या.

आणखी एक, कोकणातल्या पावसासाठी. पऱ्याला म्हणजे ओढ्याला पाणी आलं, त्यावरच्या साकवावरून वाहायला लागलं, तर त्या दिवशी शाळा नाही. हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर हजेरीच्या भीतीने मुलं पाण्यात पाय घालतात. दप्तरात एका जाड पिशवीत कोरडा पंचा आणि एक कपड्यांचा जोड कायम ठेवा. ओल्या कपड्यांत पाच वाजेपर्यंत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना काय शिकवलं ते काही कळत नाही.

पासाला पैसे पडणार नाहीत. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत आहे. हे वाचणाऱ्या मुलग्यांच्या आयांसाठी सांगते, विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे तिसरा हिस्साच भरायचा. २०२४ च्या जूनपासून एसटीने पास थेट शाळेत द्यायची सोय केली आहे. पहिल्याच दिवशी ऑफिसात विचारा. म्हणजे, तिला विचारू दे.

आता जे बोलायला आया संकोचतात ते. तिला पाळी आली नसली तरी याच वर्षात येऊ शकते, आणि ती वर्गातही येऊ शकते. पॅड कसं लावायचं, वापरलेलं कागदात गुंडाळून कुठे टाकायचं, हे तिला घरात हातात घेऊन दाखवा. दोन पॅड आणि एक चड्डी दप्तराच्या आतल्या कप्प्यात बारा महिने राहू द्या. डाग पडला तर ओढणी कमरेला बांधून बाईंना सांगायचं, एवढंच. यात घाबरण्यासारखं आणि लाजण्यासारखं काही नाही हे तिने आधी तुमच्याकडून ऐकायला हवं. आणि मुली शाळेत दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण मग बाहेर जावं लागतं. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, कुणाला सांगत नाहीत. हायस्कूल बघायला जाल तेव्हा मुलींचं स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन बघून या. कडी लागते का, पाणी आहे का. नसेल तर मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगा. तुम्ही सांगितलंत तर पुढच्या दहा जणींचं काम होईल.

मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळांमध्ये सखी सावित्री समिती असावी, असा शासनाचा २०२२ चा निर्णय आहे. तिथल्या समितीत कोणत्या बाई आहेत ते विचारून घ्या, आणि त्या बाईंचा चेहरा मुलीला दाखवून ठेवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर आहे, कुठूनही लागतो, पैसे पडत नाहीत. तो आणि तुमचा नंबर तिला तोंडपाठ हवा.

मोबाईल देऊ नका. रस्त्यात अडचण आली तर फोन मागून घेता येतो, नंबर पाठ असला म्हणजे झालं. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात दिवसभर स्मार्टफोन असल्याने तुमची धडधड कमी व्हायची नाही, वाढेल.

मुंबईचं म्हणाल तर भावाला त्याच्या मायेबद्दल धन्यवाद द्या आणि आत्ता नको म्हणून सांगा. शाळा बदलणार, शिकण्याची भाषा बदलणार, आणि आईही नजरेआड होणार; तिन्ही गोष्टी एकाच जूनमध्ये अबोल मुलीवर घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. दहावीनंतर बघू.

सेमीचं शेजारणीवर सोपवू नका. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. सातवीच्या गुरुजींना एकच विचारा: हिला गणित मराठीतून पक्कं समजतं का? समजत असेल तर सेमी झेपेल. शब्द बदलतात, गणित तेच राहतं. मे महिन्यात रोज पाच शब्दांच्या जोड्या वहीत लिहायला सांगा: छेद म्हणजे डिनॉमिनेटर, कोन म्हणजे अँगल, भागाकार म्हणजे डिव्हिजन. आणि मराठीतूनच अडखळत असेल तर मराठीच राहू दे, त्यात काही कमीपणा नाही. आठवीचं गणित आभाळातून पडत नाही. सातवीच्या बैजिक सूत्रांवर आठवीची विस्तारसूत्रं उभी असतात. सातवीचं पुस्तक रद्दीत टाकू नका, त्यातले अपूर्णांक आणि वर्गविस्तार दिवसातून वीस मिनिटं करू दे, आणि बाकीचा वेळ आंबे-फणस खाऊ दे. आता आठवीलाही वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा होते, आणि तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं. तुमच्या मुलीचे गुरुजी म्हणतात तसं असेल तर तिला याची भीती नाही.

भीतीपेक्षा संधीकडे बघा. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी, आणि सातवीला ५५ टक्के हवेत. जूनमध्येच वर्गशिक्षकांना सांगून ठेवा की हिला बसायचं आहे. वाड्यांवरच्या किती हुशार मुली केवळ माहिती उशिरा कळली म्हणून यातून राहून गेल्या, याची मला आजही हळहळ आहे.

कागदांचं थोडक्यात. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा: तिचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जात. आधार कार्डाशी एकेक अक्षर जुळवून बघा. काना-मात्रेची चूक असेल तर आत्ता गुरुजींकडून दुरुस्त होते. शाळा सुटल्यावर त्याच चुकीसाठी हेलपाटे पडतात. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं शासनाकडून मोफत असतात आणि पोषण आहारही आठवीपर्यंत असतो, पण पहिला आठवडा डबा द्याच.

जून-जुलैत ती दमेल. घरी येऊन दप्तर टाकून झोपेल, चिडेल, एखाद्या दिवशी ‘मला नाही जायचं’ म्हणून रडेल. पहिल्या घटक चाचणीत गुण कमी पडतील. वाडीतली पहिली आलेली मुलगी इथे पंधरावी आली की तिला फार लागतं. रागावू नका आणि भावाला फोनही करू नका. बहुतेक मुलं गणपतीच्या सुट्टीपर्यंत रुळतात. संध्याकाळी ‘आज काय शिकवलं?’ विचाराल तर ‘काही नाही’ असंच उत्तर मिळेल. ‘आज गाडीत कोण शेजारी होतं?’ विचारा. ‘आज कोणते सर चिडले?’ विचारा. मग भाकरी तव्यावर असताना ती सांगत बसेल. ऐका. मधेच उपदेश केलात की तिचं सांगणं तिथेच थांबेल.

राहिली पालकसभा. या, ताई. यावंच. एक बाई मला आठवतात. सभेला आल्या होत्या, पण पाटी फणसाच्या झाडाखाली ठेवून बाहेरच उभ्या राहिल्या, पावसाची भुरभुर सुरू झाली तरी आत येईनात. कपड्यांना वास येतो म्हणाल्या. मी हात धरून आत आणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. सभा संपत आली तेव्हा त्या उठल्या आणि मुख्याध्यापकांना एवढंच विचारलं, ‘संध्याकाळची गाडी शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधीच जाते, आमच्या पोरी दीड तास तिठ्यावर उभ्या असतात. याचं काय?’ खुर्च्यांवर बसलेल्या कुणालाच तोवर ते सुचलं नव्हतं. शाळेने आगाराला अर्ज दिला, पाठपुरावा केला आणि दिवाळीनंतर गाडीची वेळ वीस मिनिटांनी पुढे गेली.

बाजार उरकला की तशाच या. तुमची मुलगी कुठल्या बाकावर बसते ते विचारा, तिथून फळा दिसतो का ते बघा. आणि ऑगस्टमध्ये मला पत्र लिहा; जमलं तर त्यातल्या दोन ओळी तिला लिहू द्या.